पायी वारी : शेतकऱ्याची हक्काची सुट्टी



गळीत हंगाम आटोपतो. कारखान्याची चिमणी थंड होते, तोडणीच्या टोळ्या आपापल्या मुलखात परततात, खोडव्याला भर लावून होते आणि मग मृगाकडं डोळे लावून बसायचं. नोकरदार माणूस अशा वेळी रजेचा अर्ज टाकतो आणि बायकामुलांना घेऊन कुठंतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन येतो. आपण अर्ज टाकायचा तो कुणाकडं? गोठ्यातल्या म्हशीकडं? ती तर रविवारचीही रजा मंजूर करत नाही. महाबळेश्वर सातारा जिल्ह्यातलंच, म्हणजे आपल्या घरातलं. पण तिथं चार दिवस मुक्काम करून आलेली माणसं आमच्या गावात शोधावी लागतील.

तरीपण आपल्या सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याची एक सुट्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती खरोखरच चालत आलेली आहे. ती म्हणजे आषाढीची पायी वारी. तिच्यातल्या भक्तीविषयी बोलण्याचा अधिकार कीर्तनकारांचा. आम्ही त्या वाटेला जात नाही. जथ्यानं चालण्यात जे सुख आहे, आणि जे घरात बसून कळत नाही, त्याविषयी चार शब्द लिहावेत असं कैक दिवस मनात होतं.

आम्ही सांगतोय ती वारी २०२२ सालची. त्याआधीची दोन वर्षं, २०२० आणि २०२१, कोरोनामुळं पायी सोहळा झालाच नव्हता. माउलींच्या पादुका एसटी बसनं पंढरपूरला गेल्या. ज्यांची वर्षानुवर्षं वारी चुकली नव्हती अशी म्हातारी माणसं त्या दोन आषाढांत ओसरीवर येरझाऱ्या घालताना आम्ही पाहिली. त्यांतली काही तिसरी आषाढी बघायला राहिली नाहीत. त्यामुळं २०२२ ला पायी वारी होणार म्हटल्यावर, पूर्वी कधी न गेलेलेही निघाले. कऱ्हाड-वाळवा शिवेवरच्या आमच्या तीन गावांतून एकतीस माणसं तयार झाली. बहुतेक सगळे आपल्या कारखान्याचे सभासद, नाहीतर सभासदांच्या घरच्या.

या एकतीस जणांत एक अडचण होती, ती आधीच सांगून टाकतो. कोरोनानं सहकारी संस्थांच्या निवडणुकाही लांबल्या होत्या. त्या सगळ्या मग एकदम आल्या. आमच्या गावच्या सोसायटीची निवडणूक त्या उन्हाळ्यात अशी झाली की विचारू नका. दोन पॅनेल, एक गाव, आणि घराघरातून भिंती. आमच्यातले दोन चुलत भाऊ, त्यांना आपण आबा आणि तात्या म्हणू, एकमेकांच्या विरुद्ध उभे. निकाल लागला, गुलाल उधळला, आणि दोघांच्या सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला दोन कुलपं लागली. एक उघडायचा तर दुसरा लावायचा. एप्रिल-मे महिन्यात ऊस वाळत होता आणि विहिरीत पाणी होतं. असे हे दोघंही, एकमेकांना न विचारता, वारीला नाव देऊन बसले. यादी बघून आम्हीच कपाळाला हात लावला.

नीरेच्या पुलाशी जाऊन थांबलो. पालखी पुणे जिल्हा सोडून सातारा जिल्ह्यात येते ती इथं. नदीत पादुकांना स्नान घालतात. दोन्ही काठांवर माणसं, माणसांवर पताका, आणि खाली नीरेचं पाणी. आमची दिंडी रथामागची. तिथले जुने वारकरी आम्हा नवख्यांना बघून पुढं आले आणि काही कळायच्या आत वाकून पाया पडले. आम्ही संकोचलो. पन्नास-साठ वर्षांची माणसं, आम्हाला कशाला? तर म्हणाले, "माउली, हिथली रीतच हाय. लहान-थोर बघायचं न्हाई. समोर येईल त्याच्या पाया पडायचं." मग त्यांनी आम्हाला आपापसांतही तेच करायला लावलं. एकतीस माणसं एकमेकांच्या पाया पडतायत. फिरत फिरत आबा तात्यासमोर आला. दोघंही थबकले. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, माउली, चला, खोळंबा नको." दोघं वाकले. एकमेकांकडं न बघता वाकले, हेही खरं. पण वाकले.

पूल ओलांडून पुढं आलं की पाडेगाव. १९३२ साली सुरू झालेलं ऊस संशोधन केंद्र इथलंच. आपल्या बहुतेकांच्या रानातला को ८६०३२ 'नीरा' या नावानं शिफारस झाला तो इथून, आणि नंतरचा फुले २६५ सुद्धा. आमच्यातला प्रत्येक जण चालता चालता टाळ थांबवून केंद्राच्या प्लॉटकडं मान लांब करून बघत होता. फुटवे किती, पेरं किती, अंतर किती. एका आजोबांनी शेवटी दटावलं, "आरं, उसाची वारी परत कधीतरी करा." शेतकऱ्याची सुट्टी अशीच असायची. रान सुटत नाही.

लोणंद सोडलं आणि तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब लागला. वाटेवरचं पहिलं उभं रिंगण इथं होतं. दिंड्या रस्त्यावर दोन बाजूंना सरकतात, मधे वाट मोकळी होते, आणि दोन घोडे त्या वाटेनं दौडत जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, आणि दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही. तो माउलींचा अश्व. डोळ्याचं पातं लवतंय तोवर घोडे निघून गेले. आणि मग त्यांच्या टापांखालची माती उचलायला म्हातारी माणसं लहान पोरांसारखी धावली. आम्ही ठरवून आलो होतो की आपण बाजूला उभं राहून बघायचं. कसलं बाजूला! आमचे एक निवृत्त गट अधिकारी, आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे, फुगडी घालताना दिसले.

या घोड्यांचं आपल्या मुलखाशी नातं आहे. ते येतात अंकलीहून. आपली मिरजेजवळची अंकली नव्हे, बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातली. तिथल्या शितोळे सरकारांचा हा मान. वारीच्या आधी ते घोडे अंकलीहून आळंदीपर्यंत चालत जातात, आणि त्यांची वाट मिरज-सांगलीवरून आणि मग कऱ्हाड-साताऱ्याकडून जाते. म्हणजे पालखी सांगली जिल्ह्यात येत नसली तरी वारी सांगलीच्या रस्त्यावरून पुढं जातेच.

आणि वारीला आजचं रूप देणारे हैबतबाबा तर आपल्या सातारा तालुक्यातल्या आरफळचे. ज्या आरफळच्या नावाचा कालवा सांगली जिल्ह्यापर्यंत पाणी आणतो, तेच आरफळ. बाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. सगळं सोडून आळंदीला आले आणि १८३२ च्या सुमारास माउलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा त्यांनी सुरू केला. आळंदीच्या देवळात त्यांच्या नावाची पायरी आहे. आजही प्रस्थानाआधी तिची पूजा होते. फौजेत वावरलेला माणूस असल्यामुळं त्यांनी वारीला शिस्त घातली ती लष्करी थाटाची. नगारा, चोपदार, तुतारीचे इशारे. पहिल्या इशाऱ्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला रांगेत यायचं, तिसऱ्याला निघायचं. कुणी कुणाला हाका मारत बसत नाही. लाखो माणूस हलतंय आणि आरडाओरडा नाही, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

प्रवरानगरला १९५० साली सहकारातला पहिला साखर कारखाना उभा राहिला, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण त्याच्या शंभरावर वर्षं आधी या मुलखात एक सहकार चालत होता, हे दिंडीत राहिल्यावर लक्षात आलं. प्रत्येक दिंडीची भिशी असते. ज्यानं त्यानं आपला वाटा भरायचा. त्या पैशातून ट्रक, तंबू, आचारी, किराणा, पाण्याचा टँकर. पहाटे आपण चालायला लागलो की ट्रक पुढं जातो आणि मुक्कामावर राहुट्या उभ्या करून, पिठलं-भाकरी शिजवून वाट बघतो. आपल्या डोक्यावर बोचकं नाही, उद्या जेवायचं काय याचा घोर नाही, झोपायचं कुठं ही चिंता नाही. शेतकऱ्याच्या डोक्यातून या तीन गोष्टी एकाच वेळी कधी उतरतात? आम्हाला तर तिसऱ्या दिवशी विचार करायला काही उरलंच नाही, त्यामुळं चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आता चालण्याविषयी. तरडगाव ते फलटण वीसएक किलोमीटरची चाल आहे. आमच्या बरोबर एक तरुण सभासद होता, अंगानं ताठ, रोज पहाटे पळायला जाणारा, मोबाईलमध्ये पावलं मोजणारा. "तुमच्या या चालीनं संध्याकाळ व्हायची, मी पुढं होतो," म्हणून तो एकटाच निघाला. सुरवडी गेली, निंभोऱ्याचा ओढा आला, तर हा गडी झाडाखाली पाय पसरून बसलेला. तोंड उतरलेलं. आणि आमच्या रांगेतल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी त्याच्या समोरून टाळ्या वाजवत गेल्या.

यात चमत्कार काही नाही. एकटा माणूस चालताना रस्ता मोजतो. अजून किती राहिलं, हा प्रश्न त्याच्या पायापेक्षा आधी थकतो. दिंडीत पाऊल टाळावर पडतं. पुढं पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे पखवाज आणि वीणेकरी, मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. अभंग चालू असेपर्यंत पाय चालूच राहतात, आणि अभंग संपला की लगेच दुसरा लागतो. रांगेचा वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या बेतानं ठरतो, त्यामुळं कुणाला धापा लागत नाहीत, आणि विसावे ठरलेल्या जागी होत असल्यामुळं फार वेळ बसून पायही आखडत नाहीत. वीणा जमिनीवर ठेवायची नाही असा नियम आहे. एकाचा खांदा भरून आला की दुसरा पुढं येतो, पाया पडतो, आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. आमच्यातल्या एकाला अर्धा तास ती मिळाली. त्या अर्ध्या तासात त्याला तहानसुद्धा लागली नाही असं तो अजून सांगतो.

तो तरुण सभासद दुसऱ्या दिवसापासून रांगेत चालायला लागला. मोबाईलमधली पावलं मोजायची मात्र सोडली नाहीत. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलेली माणसंही आमच्यात सहा-सात होती. (कारखान्यात साखर वाढली की आपण पेढे वाटतो, आणि अंगात वाढली की पेढे बंद; काय म्हणावं!) गावात रोज दोन किलोमीटर चालायला जे कुरकुरतात, ते इथं वीस चालून वर कीर्तनाला बसत होते. पण ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरला विचारूनच यावं, आणि पहिल्या दिवशीच उत्साहानं अनवाणी चालू नये. आमच्या तिघांचे तळवे फोडांनी भरले आणि फलटणच्या मुक्कामात त्यांना दवाखान्याच्या तंबूत बसावं लागलं. वाटेवर चप्पल फुकट शिवून देणारे, दाढी करून देणारे, पाय चेपून देणारे जागोजाग असतात. परक्या माणसाकडून पाय चेपून घ्यायला पहिल्यांदा फार अवघड वाटतं. नंतर वाटत नाही.

आमच्या दिंडीतल्या एक मावशी, दोन एकर उसाच्या सभासद, घरी चार म्हशी. त्यांना आम्ही विचारलं, वारीत सगळ्यांत काय आवडलं? आम्हाला वाटलं रिंगण म्हणतील, नाहीतर देवाचं नाव घेतील. त्या म्हणाल्या, "आयतं ताट. लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच, रोज कुणीतरी मला विचारतंय, अजून भाकरी वाढू का म्हणून." मावशींच्या घरी त्या दिवसांत धार कोण काढत होतं? शेजारीण. ती त्या साली गेली नव्हती. पुढच्या साली ती गेली आणि मावशी थांबल्या. वारी चालणाऱ्यांची जितकी असते तितकीच घरी थांबणाऱ्यांची असते. त्यांची नावं कुठल्या यादीत येत नाहीत, म्हणून इथं मुद्दाम लिहिलं. आमच्या तीन गावांत त्या अकरा-बारा दिवसांत एकही म्हैस उपाशी राहिली नाही आणि डेअरीला एका वेळचंही दूध चुकलं नाही.

आता पंगतीबद्दल थोडं. जुन्या वारीत सगळंच सोन्याचं होतं असं समजू नये. इरावतीबाई कर्वे वारीला चालल्या होत्या आणि १९४९ च्या 'परिपूर्ती' या पुस्तकात 'वाटचाल' नावाचा त्यांचा लेख आहे. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत, हे त्यांनी त्यात लिहून ठेवलंय आणि ते त्यांना लागलंही होतं. दलितांना तर विठ्ठलाच्या देवळात जायलाच बंदी होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा दार उघडलं. ज्या चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वाराशी आहे, त्यांच्या लेकरांना आत जायला किती शतकं लागली याचा हिशेब करावा. आमच्या पंगतीत तीन गावांतल्या सगळ्या आळ्यांची माणसं होती आणि ज्याला जागा मिळेल तिथं तो बसत होता. गावाकडच्या जेवणावळीत अजून हे इतकं सहज होत नाही, हेही आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

बरडला मुक्काम झाला तेव्हा समाज आरतीला गेलो. दिवसभराची चाल संपली की तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार दंड वर करतात, आणि तो एवढा मोठा समुदाय एका क्षणात गप्प होतो. मग हरवलं-सापडलं सांगतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. पण आम्हाला खरं नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाण्याची, जागेची, मानापानाची, तर ती दिंडी त्या शांततेत टाळ वाजवत राहते. बाकी सगळे मुके आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतायत. चोपदार तिकडं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, तिथल्या तिथं तोड काढतात. ते टाळ थांबल्याशिवाय आरती होत नाही.

हे बघितलं आणि आम्हाला आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आठवली. विषयपत्रिका वाचायच्या आत 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो, तक्रार असणाऱ्याच्या हातातला माईक कुणीतरी काढून घेतं, आणि मग तो बिचारा मंडपाबाहेर चहाच्या गाडीपाशी आपली सभा भरवतो. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. मंजूर म्हणणाऱ्यांत आमचाही आवाज असतो. पण लाखोंच्या मेळ्यात एका कोपऱ्यातले टाळ ऐकून घ्यायला वेळ असतो, हे आपल्या संचालक मंडळींनी आणि आपण सगळ्यांनी एकदा डोळ्यांनी बघून यावं.

साधुबुवाचा ओढा ओलांडून धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला. आपला जिल्हा सुटला म्हणून उगीच वाईट वाटलं. नातेपुत्याच्या मुक्कामात रात्री पाऊस आला. पाऊस हवाच होता, घरी फोन करून 'तिकडं आला का' हे विचारणं रोजचंच होतं. पण तो तंबूवर यायला नको होता. आमची एक राहुटी आडवी झाली. तिच्यातली माणसं मिळेल तशी दुसऱ्या राहुट्यांत घुसली. काळोखात कोण कुणाशेजारी पडलंय बघायला कुणाला वेळ नव्हता. मध्यरात्री पाऊस ओसरला. अर्धवट झोपेत आम्ही ऐकलं ते असं:

"खालचा फूटव्हॉल्व्ह गळतोय, ठाऊक हाय न्हवं तुला?"

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

"कधीपास्नं?"

"पाडव्यापास्नं. तू कुलूप लावलंस, मग सांगणार कसं?"

"तू बी लावलंसच की."

परत गप्प. मग दुसऱ्यानं विचारलं, "वायसर बदलून भागंल का नवाच टाकाय लागंल?"

त्यानंतर आम्हाला झोप लागली. चार महिन्यांत आबा-तात्यांची एकमेकांशी झालेली ही पहिली बोलणी. गळाभेट नाही, डोळ्यांत पाणी नाही. फूटव्हॉल्व्ह.

सदाशिवनगरचं गोल रिंगण, खुडूसचं रिंगण, वेळापूरच्या अलीकडं उतारावर सगळ्यांनी मिळून पळायचं ते 'धावा', यांचं वर्णन वर्तमानपत्रं दरवर्षी करतात, आम्ही करत नाही. एवढंच सांगतो की धाव्याला आमच्या मावशी पहिल्या आल्या.

न आवडलेल्या गोष्टीही लिहायला पाहिजेत, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हे वर्गणी मागायला आलेत. मुक्काम उठल्यावर गावाच्या शिवारात राहिलेला कचरा बघवत नाही. फराळ वाटणारे पुण्य घेऊन जातात आणि पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे पेले त्या गावच्या शेतकऱ्याच्या बांधावर ठेवून जातात. आपणही शेतकरी आहोत; उद्या आपल्या सरीत असं कुणी टाकलं तर? अलीकडच्या वर्षांत फिरती शौचालयं ठेवतात, त्यानं पुष्कळ फरक पडला आहे, तरी ती पुरी पडतात असं म्हणवत नाही. दुसरं म्हणजे सावली. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. चालणाऱ्यांसाठी कडेनं वेगळी वाट हा त्या कामाचाच भाग आहे, ते चांगलंच. पण रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, आणि दुपारच्या विसाव्याला ट्रकच्या सावलीत बसायची वेळ आली. लावलेली रोपं वाढायला आमच्या नातवंडांची वारी उजाडेल. तिसरी गोष्ट फोटोवाल्यांची. फुगडी घालणाऱ्या बाईच्या तोंडापुढं कॅमेरा धरून "मावशी, परत एकदा" म्हणणाऱ्याला आमच्या आजीनं जे उत्तर दिलं ते या अंकात छापता येणार नाही.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तिथून पंढरपूर हाताच्या अंतरावर, आणि आम्हाला एकाएकी चालणं संपू नये असं वाटायला लागलं. १० जुलैला एकादशी होती. दर्शनाची रांग एवढी लांब की आमच्यातल्या निम्म्यांनी कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत बुडी मारली आणि समाधान मानलं. परतीच्या टेंपोत एकतीस माणसं एकमेकांच्या अंगावर रेलून झोपली. आपल्या फाट्यावर उतरलो तेव्हा पावसानं शिवार हिरवं झालेलं होतं, आडसालीच्या लागणीची घाई सुरू झाली होती, आणि ज्याचा त्याचा चेहरा दोन मिनिटांत पुन्हा शेतकऱ्याचा झाला.

नव्यानं येऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. सगळी वाट चालायलाच पाहिजे असं नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतं, त्यातलं जमेल तेवढं चाला. आपल्याकडच्यांना नीरा किंवा लोणंदला मिळणं सोयीचं. निघायच्या आधी महिनाभर बांधावरून का होईना, रोज चाला. नवी चप्पल घालून येऊ नका. दोन जोडी कपडे, घोंगडी किंवा प्लॅस्टिकचा कागद, विजेरी, खोबरेल तेल, रोजची औषधं, पाण्याची बाटली आणि स्वतःचं ताट-वाटी एवढं पुरे. ताट-वाटी आणलीत तर बांधावरच्या पत्रावळ्या तेवढ्या कमी होतील. सोनंनाणं घरी ठेवा. घरच्या जनावरांची व्यवस्था शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा, आणि पुढच्या साली त्याच्या घरची आपण बघायची हेही तेव्हाच ठरवा. भिशीचे पैसे ठरल्या दिवशी भरा. आयत्या वेळी 'बघू, देऊ' म्हणणाऱ्यामुळं ट्रकवाल्यापुढं दिंडीचालकाची मान खाली जाते.

आबा आणि तात्यांविषयी बरेच जण विचारतात. सोसायटीच्या राजकारणात ते अजून वेगवेगळ्या पॅनेलांत आहेत आणि पुढच्या निवडणुकीतही असतील, यात शंका नाही. विहिरीवरच्या पेटीला आता एकच कुलूप आहे. किल्ली आठवडाभर एकाकडं असते, आठवडाभर दुसऱ्याकडं. फूटव्हॉल्व्ह नवाच टाकावा लागला, वायसरवर भागलं नाही. खर्च निम्मा-निम्मा.